आठ सुतांची रेघ

भिंगकाकांचा कोणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. क्रेनच्या यार्डात ते मुख्य मेकॅनिक. शर्टाच्या खिशात कायम एक भिंग, दांडी तुटलेली म्हणून चिकटपट्टीनं बांधलेलं. नवा बोल्ट आला की भिंग, तेलाचा डबा आला की त्याच्या सीलवर भिंग. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. यार्डातली मंडळी म्हणायची, काका आरशात बघायच्या आधी आरसा कुठून आणला ते विचारतात. काकांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

वाटेल कसं? वीस वर्षांपूर्वी त्यांनी डोळ्यांदेखत एक क्रेन आडवी झालेली पाहिली होती. क्रेन वजन उचलते तेव्हा ती टायरवर उभी नसते, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. ती दोन्ही बाजूंना मिळून चार पाय काढते. प्रत्येक पायाच्या टोकाला एक उभं सिलिंडर. त्यात तेल शिरलं की चकचकीत जाड रॉड खाली उतरतो आणि अख्खी क्रेन जमिनीवरून उचलून धरतो. मग ते तेल आत कोंडून ठेवायचं काम मुठीएवढ्या एका व्हॉल्व्हचं. तो व्हॉल्व्ह किंवा आतलं सील जरा गळालं, की रॉड हळूच आत सरकतो, पाय बसतो, आणि वर केबिनमधल्या माणसाला कळेपर्यंत सगळं कलंडलेलं असतं. त्या दिवशी असाच एक पाय बसला. ऑपरेटर जगला, पण पुन्हा चालला नाही. तेव्हापासून काकांनी ठरवून टाकलं, माणूस असो की व्हॉल्व्ह, गळतो असंच धरून चालायचं.

आणि आता ऐंशी टनी क्रेनचा मागचा पाय बसायला लागला होता. त्या क्रेनवर ऑपरेटर कोण, तर काकांची एकुलती एक लेक.

तिनं हे काम करू नये म्हणून काका वर्षभर अडून बसले होते. पण बापाचाच हट्ट तिच्यात उतरलेला, ती ऐकते कुठली. लायसन्स काढलं, दोन वर्षं लहान क्रेनवर घासली, आणि आता तिच्याइतका अलगद भार टेकवणारं आसपास कोणी नव्हतं. हे काकांनी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. तिच्या पाठीमागे मात्र ज्याला त्याला सांगायचे.

आठ दिवसांनी पुलाचा चाळीस टनी गर्डर उचलायचा होता. मालकानं चारही पायांची सिलिंडरं बदलायला होकार दिला आणि निवड काकांवर सोडली. "तुम्ही बोट ठेवाल ते घेऊ," मालक म्हणाला. काकांना त्यातही वास आला. उद्या काही झालं तर बोट कोणाचं होतं, ते मालकानं आजच ठरवून ठेवलं की काय?

सिलिंडर देणारे दोघं होते. एक म्हणजे काकांचे व्याही, लेकीचे सासरे. त्यांचं सिलिंडरांचं वर्कशॉप, दोन लेथ, सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचं एक होनिंगचं मशीन आणि तीस वर्षांचं नाव. बोलणं इतकं गुळगुळीत की लेथवर वेगळं तेल घालावं लागत नसेल. "आमची सून ऐंशी टनी चालवते," हे वाक्य ते गिऱ्हाईक आलं की पहिल्या पाच मिनिटांत बोलायचे. काकांना म्हणाले, "व्याहीबुवा, वर माझ्या घरची लक्ष्मी बसणार आहे. मी त्यात डावं-उजवं करीन का?"

काकांच्या मनात नेहमीप्रमाणे किडा वळवळला, पण त्यांनी तो दाबला. लेक त्या घरात नांदत होती. व्याह्याच्या मालाला भिंग लावायचं म्हणजे लेकीच्या संसाराला भिंग लावण्यासारखं होतं.

मग दाबलेला सगळा संशय त्यांनी दुसरीवर काढला. ती सिलिंडर बनवणाऱ्या एका कंपनीची बाई. पन्नाशीची, केस कापलेले, चपलेऐवजी चिखलानं माखलेले जाड बूट. विकायला येणारा माणूस उत्तरं घेऊन येतो, ही प्रश्न घेऊन आली होती. जमीन कशी असते? पाय पूर्ण काढता की अर्धे? भार मागे फिरवला की कुठल्या पायावर जास्त येतो? तेल किती तापतं?

"तेल तापायचं तेवढं तापतं," काका म्हणाले. "तुम्हाला काय करायचंय?"

"मग सील कुठलं देऊ ते कसं ठरवू?" बाई शांतपणे म्हणाली. रॉड आत्ता आहे त्यापेक्षा जाड घ्या, म्हणाली, पाय पूर्ण बाहेर असताना बारीक रॉड वाकू शकतो. आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या अंगावरच बसवलेला हवा, मध्ये रबरी होज नको. होज फुटला की पाय गेला. हे दोन्ही काका गेली वीस वर्षं कंठशोष करून सांगत होते. परक्या बाईच्या तोंडून आपलंच म्हणणं ऐकल्यावर ते आणखीनच सावध झाले. हिला आपण काय बोलतो ते कोणी पढवलं?

कागदावर दोन्ही सिलिंडरं सारखीच निघाली. तोच व्यास, तेवढाच जाड रॉड, व्हॉल्व्ह दोन्हीकडे अंगावर. तेव्हा काका म्हणाले, एकेक आणा, रेघेला लावू.

रेघ ही काकांची यार्डातली रीत. पाय काढून क्रेन उचलायची, चारी बाजूंनी समतल करायची, आणि चकचकीत रॉडवर, सिलिंडरच्या तोंडापासून बरोबर आठ सूत खाली मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा आठ सूत म्हणजे एक इंच. सगळं वजन तसंच पायांवर ठेवून द्यायचं. रॉड आत सरकला तर रेघ तोंडाच्या जवळ येते, आणि किती जवळ आली ते पट्टीवर वाचता येतं. रेघ सकाळी ओढायची, संध्याकाळी बघायची, असा नेम. रेघ हलली की सिलिंडर बाद. यावर यार्डात आजवर कोणी वाद घातला नव्हता.

या खेपेला मात्र नेम चुकला. व्याह्यांचं सिलिंडर यायला उशीर झाला. मागच्या डाव्या पायाला त्यांचं आणि उजव्याला बाईचं बसवेपर्यंत दुपार झाली. ऊन मी म्हणत होतं. आतली हवा काढायला दोन्ही पाय वीस-वीस वेळा वरखाली केले, तेव्हा सिलिंडरांना हात लावता येईना. लेकीनं दोन्ही पायांच्या आडव्या बीमवर पाण्याची नळी ताणून धरली आणि पाणी दोन्हीकडे एका पातळीला येईपर्यंत पाय कमीजास्त केले. मग काकांनी रेघा ओढल्या आणि म्हणाले, "आता उद्या सकाळी बघू. तोवर कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आठला काका फाटकापाशी पोचले तेव्हा बाई तिथेच येऊन थांबली होती. वॉचमन काकांना म्हणाला, "तुमचे व्याही साडेसहालाच आलेत. घरचं माणूस म्हणून सोडलं आत."

व्याही मागच्या डाव्या पायापाशी उभे होते, हातरुमालानं बोटं पुसत. "झोपच लागेना हो," ते म्हणाले. "म्हटलं जरा जाऊन बघावं. लांबूनच बघितलं हं, हात नाही लावला."

काकांनी पट्टी काढली. आधी उजवा पाय. रेघ सहा सुतांवर आली होती. दोन सूत बसला होता पाय. मग डावा. आठ सूत. नेमके आठ.

"बघा," व्याही म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? तीस वर्षं हाच धंदा केलाय. चला, सुंठीवाचून खोकला गेला, फार पारखावं लागलं नाही." ते बोलतच राहिले, सील कुठून मागवलं, होनिंग मुलानं कसं स्वतः केलं.

काका बाईकडे वळले. त्यांना मनापासून बरं वाटत होतं. परक्यावरचा संशय खरा निघाला की माणसाला जे समाधान मिळतं, ते त्यांना चांगलंच ओळखीचं होतं. "काय बाई? गळतंय तुमचं."

बाई उकिडवी बसली आणि तिनं सिलिंडरवर तळहात ठेवला. "थंडगार आहे. काल दुपारी हात लावता येत नव्हता. तेल थंड झालं की आकसतं, काका. एवढ्या तेलाला दोन सूत बसणारच. ते बसून झालं. आता नवी रेघ ओढा आणि उद्या सकाळी याच वेळेला बघा, केसभर हलणार नाही."

"आपलं गळकं ते थंड झालं, असं म्हणायला काय जातं?"

"बरं, माझं राहू द्या." बाई उठली. "त्यांचं का नाही बसलं, ते विचारा. तेल त्यांचंही थंड झालंय."

व्याही हसले. "उचलली जीभ लावली टाळ्याला. माल चांगला असला की नाही बसत."

काकांना एक जुनी गोष्ट आठवली. सकाळी ओढलेली रेघ संध्याकाळी बघताना कधीकधी, कडक उन्हाच्या दिवसांत, आठ सुतांपेक्षा केसभर जास्तच भरायची. रॉड आत जायच्याऐवजी बाहेर कसा येईल, म्हणून ते दरवेळी चष्म्याला दोष द्यायचे. आता कळलं. दिवसा तेल तापायचं, फुगायचं. मग रात्री आकसायलाच हवं. बाई खरं बोलत होती. आणि बाई खरं बोलत असेल, तर दोन सूत बसलेला पाय खरा होता आणि न बसलेला खोटा.

त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि डाव्या पायाशी वाकले.

काका डावखुरे. त्यांची रेघ उजवीकडून डावीकडे जायची आणि शेवटी, अंगठा आखडलेला असल्यामुळे, खाली एक बारीक आकडा वळायचा. ही रेघ सरळ होती. डावीकडून सुरू झालेली, उजवीकडे विरत गेलेली, आकडा नाही. त्यांनी भिंग दोन सूत वर नेलं. तिथे चकचकीत रॉडवर मेणाचा एक पुसट पट्टा होता, पुसूनही न निघालेला. त्याच्या डाव्या टोकाला त्यांचा आकडा होता.

आयुष्यभर ज्यानं दुधात पाणी शोधलं, त्याला आज मिळालेलं नको झालं. ते वाकलेलेच राहिले. कमरेत उसण भरलीय असं समोरच्यांना वाटलं असेल. असेल की, त्यांच्या मनात आलं, कोणाचा तरी हात लागला असेल, वॉचमननं पुसलं असेल. वॉचमन मेणाची पेन्सिल घेऊन कशाला येईल, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तोंड उघडलं तर लेक आज संध्याकाळी कुठल्या घरी जाणार? नाही उघडलं तर आठ दिवसांनी ती कशावर बसणार?

"ठीक आहे ना?" व्याह्यांनी विचारलं. आवाज जरा जास्तच मोकळा होता.

"आहे," काका म्हणाले आणि भिंग खिशात टाकलं. बाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आपली बॅग उचलून सावलीत जाऊन बसली. जायला निघाली नाही.

साडेनऊला लेक आली. हेल्मेट काखेत मारून सरळ मागच्या पायांपाशी. "काय निघालं, बाबा?"

"मामंजींचं आठ सूत. बाईंचं सहा."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नंतर कित्येक दिवस त्यांना ते वाक्य जसंच्या तसं आठवत राहिलं.

लेकीनं मान हलवली आणि नेहमीप्रमाणे टूलबॉक्समधून पाण्याची नळी काढली. केबिनमध्ये चढायच्या आधी क्रेन समतल आहे का ते स्वतः बघायचं, हा तिचा शिरस्ता. "एक टोक धरा," ती वॉचमनला म्हणाली. नळी डाव्या बीमपासून उजव्या बीमपर्यंत ताणली. पाणी डुचमळलं, थांबलं. काल दुपारी तिनं बीमवर खडूनं खूण केली होती. पाणी दोन्हीकडे बरोबर खुणेवर होतं.

मग टोकं अदलाबदल करून तिनं पुन्हा बघितलं.

"उजवा दोन सूत बसला," ती सावकाश म्हणाली, "आणि डावा बसला नाही, तर क्रेन उजवीकडे कलायला पाहिजे. पाणी तर समान आहे. म्हणजे दोन्ही सारखेच बसलेत." तिनं डाव्या पायावरच्या रेघेकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप जमिनीकडे बघत होता. मग तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांच्या हातात रुमाल होता आणि त्यावर मेणाचा पिवळा डाग होता.

"मामंजी?"

व्याही खाली बसले, तिथेच, क्रेनच्या पायाखाली घालायच्या लाकडी ठोकळ्यावर. "सकाळी येऊन बघितलं तर रेघ दोन सूत वर गेलेली," ते अखेर म्हणाले. "उजवीकडचं मी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझंच गेलं. तीस वर्षांचं नाव... सगळ्यांना सांगून बसलोय, सुनेच्या क्रेनला माझी सिलिंडरं म्हणून. वाटलं, आत्ता वेळ मारून न्यावी, आणि मग गर्डर उचलायच्या आधी गुपचूप सील बदलून टाकीन."

"बदललं असतंत?"

"बदललंच असतं गं."

सावलीतून बाई उठून आली. तिला गप्प बसता आलं असतं, पण बसली नाही. "तुमचं सिलिंडर चांगलं आहे हो," ती व्याह्यांना म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "जेवढं बसायला हवं तेवढंच बसलंय. हात लावला नसता तर दोन्ही पास होती."

व्याह्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग ते बोलणं पुरतं आत उतरल्यावर असा पडला, की काकांनाच बघवेना.

"चांगलं आहे हे तुम्हाला कुठं माहीत होतं?" लेक म्हणाली. "तुम्हाला वाटलं ते गळतंय. गळतंय असं वाटूनसुद्धा तुम्ही रेघ पुसलीत. वर मी बसणार होते, मामंजी."

लेकीनं नाक ओढलं आणि बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही भिंगातून बघितलं होतंत?"

खोटं बोलायला वाव होता. काकांनी तो क्षणभर चाचपलाही. "बघितलं," ते म्हणाले.

"किती वाजता?"

"आठ. सव्वाआठ."

आता पावणेदहा झाले होते. लेकीनं घड्याळात पाहिलं नाही, तिला पाहायची गरज नव्हती. "तुला तिथे नांदायचंय म्हणून..." काका बोलायला लागले.

"नांदायला आधी जिवंत राहायला लागतं, बाबा."

तिनं तळहात पुढे केला. काय मागतेय ते काकांना लगेच कळलं. त्यांनी खिशातून भिंग काढून तिच्या हातावर ठेवलं. मग मेणाची पेन्सिलही. तिनं दोन्ही रॉड चिंधीनं स्वच्छ पुसले, पट्टी लावली आणि आठ सुतांवर नव्या रेघा ओढल्या. तिचा हात उजवा, तिच्या रेघेला आकडा नव्हता. शेजारी तिनं तारीख, वेळ आणि आपली सही घातली. मग वॉचमनला म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत आत कोणाला सोडायचं नाही. घरचं माणूस म्हणूनही नाही. मेकॅनिकनासुद्धा नाही."

वॉचमननं काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं व्याही फाटकाबाहेर उभे होते. एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी उभे शेजारीशेजारीच होते. रात्री लेक सासरी गेली होती, जेवली होती, भांडी घासली होती, असं व्याह्यांनी न विचारता सांगितलं. अवाक्षर बोलली नाही म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दोघांनाही वाटत होतं. काकांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं की संशय बाहेरून कसा लागतो. सहा महिन्यांच्या पोरालासुद्धा मी तोलून बघतो असं मिरवणारा माणूस आज फाटकाच्या गजांतून आत बघत होता आणि त्याला वाटत होतं, कोणीतरी म्हणावं, या आत.

आठला लेक आली आणि न थांबता आत गेली. थोड्या वेळानं फाटकापाशी परत आली.

"दोन्ही आठ सूत," ती म्हणाली. "केसभरही हललेली नाहीत."

व्याह्यांनी सुस्कारा टाकला. काका म्हणाले, "मग येऊ आत?"

"थांबा जरा. कंपनीच्या बाईंना बोलावलंय. त्या एकदा बघू देत. मग उरलेली तिन्ही सिलिंडरं त्यांनाच सांगायचीत."

"पण पोरी," व्याही पुढे झाले, गजांना धरून, "माझंही आठच आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "सिलिंडरला मी कुठं काय म्हणतेय?"

आणि भिंग खिशात घालून ती क्रेनकडे चालत गेली.